दिव्यांग बालकांचे समावेशित बालशिक्षण : साधनसामग्री (कोल्हापूर जिल्हा)

तीन ते सहा वर्षे वयाच्या दिव्यांग बालकांना अंगणवाडीत, बालवाडीत किंवा शाळेला जोडलेल्या पूर्वप्राथमिक वर्गात इतर मुलांच्या बरोबरीने खेळता व शिकता यावे, यासाठी लागणारे मनुष्यबळ, जागा, खेळणी, उपकरणे, निधी आणि माहिती यांचा समावेश या साधनसामग्रीत होतो. मुलाला नेहमीच्या वर्गात नुसते बसू देणे म्हणजे समावेशन नव्हे. वर्गाची मांडणी, दिवसाचा क्रम आणि शिकवण्याची रीत मुलाच्या गरजेप्रमाणे बदलणे त्यात अभिप्रेत असते, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील समावेशित शिक्षणाची व्याख्याही याच अर्थाची आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ही साधने अगदीच नाहीत असे नाही. मात्र ती महिला व बालविकास, आरोग्य, शिक्षण आणि दिव्यांग कल्याण अशा निरनिराळ्या विभागांकडे विखुरलेली आहेत, आणि त्यांना जोडणारा दुवा बहुतेक वेळा हातात फाइल घेऊन फिरणारी मुलाची आईच असते.

कायदा व धोरण

बालशिक्षण सामान्य घरांतील मुलांच्या दारापर्यंत नेण्याचा विचार महाराष्ट्रात जुना आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी (१९४५) आणि नंतर कोसबाड येथे केलेल्या कामातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर पोहोचवली. कोल्हापूरला शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणाची स्वतःची परंपराही आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला होता.

दिव्यांग बालकांच्या बाबतीत मात्र कायद्यात एक पोकळी राहिली आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात मोफत शिक्षणाला अठरा वर्षांची वरची मर्यादा होती, खालची नव्हती. २०१६च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून २१ केले, पण लक्षणीय (किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयोगटापुरता सांगितला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ सुद्धा सहाव्या वर्षापासूनच लागू होतो, आणि त्याच्या कलम ११ मध्ये तीन ते सहा वयोगटाच्या शिक्षणाची सोय शासनावर बंधनकारक न करता ऐच्छिक ठेवलेली आहे. ज्या वयात मदतीचा सर्वाधिक उपयोग होतो, नेमके तेच वय हक्काच्या कक्षेबाहेर राहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर मानल्यामुळे धोरणाच्या पातळीवर हे अंतर कमी झाले आहे, परंतु धोरणाने कायद्याची जागा भरून निघत नाही.

२८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. विकासातील विलंबाची लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला अंगणवाडीच्या दैनंदिन कार्यक्रमात सामावून घेत कुटुंबाला सक्षम करणे, आणि आशा, आरोग्यसेविका व तपासणी पथकामार्फत पुढील उपचारांकडे पाठवणे, असे तीन टप्पे तीत सांगितले आहेत.

निदानापासून वर्गापर्यंत

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार गटांत मुलांची नोंद होते व गरजेप्रमाणे त्यांना जिल्हा स्तरावरील उपचार केंद्राकडे पाठवले जाते. श्रवणदोषाच्या बाबतीत जन्मानंतर एका महिन्यात चाळणी (प्राथमिक तपासणी), तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपाययोजना हे मान्य उद्दिष्ट आहे. ते हुकले की मूल अंगणवाडीत येईपर्यंत भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून गेलेली असतात.

खरी अडचण निदानानंतर सुरू होते. कागदावर निदानाचे नाव येते, पण त्या मुलाला गाण्याच्या वेळी कुठे बसवावे, त्याला काय धरायला द्यावे, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. निदानाचे रूपांतर वर्गातील चार साध्या सूचनांत करून देणारी व्यक्ती, म्हणजे विशेष शिक्षक किंवा थेरपिस्ट, हे या सर्व व्यवस्थेतील सर्वांत दुर्मीळ साधन होय. अंगणवाडीतील एक सेविका आणि एक मदतनीस यांच्यावर पूर्वप्राथमिक शिक्षण, आहार, वजन-उंचीच्या नोंदी, गृहभेटी आणि मोबाइलवरील माहिती भरणे अशी सर्व कामे असल्यामुळे सूचना जितकी नेमकी, तितकी ती अमलात येण्याची शक्यता अधिक.

वर्गातील साधने

प्रथम जागा. उताराचा मान्य निकष १:१२ असा आहे. १५ सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीसाठी १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. समाजमंदिरात किंवा भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीपुढे तेवढी मोकळी जागा क्वचितच असते, त्यामुळे बांधकामाच्या वेळीच याचा विचार होणे आवश्यक ठरते. शौचालयातील आडवी दांडी, खाली बसवलेला नळ आणि उजेडाकडे पाठ न करता बसणारी सेविका (ओठ वाचणाऱ्या मुलाला तिचा चेहरा दिसला पाहिजे) या गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलाला मांडी घालून बसता येत नसेल, तर कोपऱ्याची खुर्ची, म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन फळ्यांची पाठ, मांड्यांमध्ये छोटा ठोकळा आणि पुढे पाटासारखी फळी असलेली बैठक, उपयोगी पडते. पाठीला आधार मिळाला की हात मोकळे होतात आणि ते मूल भातुकलीत भाग घेऊ शकते. चमच्याच्या दांड्याला किंवा खडूला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की पकड जाड होते. गंगावेश, शाहूपुरी आणि बापट कॅम्प येथील कुंभारांकडे मिळणारी मळलेली माती बोटांच्या व्यायामासाठी उत्तम असते. इचलकरंजीच्या यंत्रमागांवरील कापडाच्या चिंध्या व चप्पल बनवणाऱ्यांकडील चामड्याचे तुकडे यांपासून मऊ-खरखरीत ओळखण्याच्या पाट्या करता येतात. दृष्टिहीन मुलासाठी ही ब्रेलपूर्व तयारी असते, आणि डोळस मुलांनाही तो खेळ तेवढाच आवडतो. एका मुलासाठी केलेली सोय साऱ्या वर्गाच्या उपयोगी पडावी, हे अशा साधनांच्या निवडीचे चांगले सूत्र आहे.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना दिवसाचा क्रम आधी कळला की त्यांची अस्वस्थता कमी होते. प्रार्थना, गाणे, खाऊ, खेळ आणि घरी जाणे यांची चित्रे दोरीवर क्रमाने टांगून, झालेले चित्र काढून ठेवण्याची पद्धत त्यासाठी वापरतात. न बोलणाऱ्या मुलासाठी ‘पाणी’, ‘शू’, ‘नको’ अशा चित्रांचा तक्ता असावा. यात ‘नको’ हे चित्र विसरले जाते, ते विसरू नये. हातवाऱ्यांसह म्हटली जाणारी मराठी बडबडगीते कर्णबधिर व बौद्धिक दिव्यांग मुलांना सहभागाची संधी देतात, मात्र ती सावकाश म्हणावी लागतात.

निधी व संस्था

समग्र शिक्षा योजनेत पूर्वप्राथमिक ते बारावीपर्यंतच्या विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यासाठी वार्षिक ३,५०० रुपयांची तरतूद आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक याच योजनेतून काम करतात, पण त्यांचा संबंध मुख्यतः शाळांशी येतो. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या व शैक्षणिक संच मिळतात, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. हा निधी व्यक्तिगत मदतीबरोबर अंगणवाडीचा उतार किंवा शौचालय यांकडे वळवला गेला, तर तो अधिक काळ आणि अधिक मुलांच्या उपयोगी पडेल. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी कोल्हापूर शहरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे जिल्ह्याचे प्रमुख ठिकाण आहे. १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी स्थापन केलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था शारीरिक दिव्यांगांच्या शिक्षण व पुनर्वसनाचे काम करते, तर ‘चेतना’ ही संस्था बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शाळा चालवते. अशा संस्थांचा अनुभव समावेशनाला पूरक आहे. विशेष शाळेतील शिक्षकाने महिन्यातून एकदा जवळच्या अंगणवाडीत येणे, हे साधे आदानप्रदान अजून व्यवस्थेचा भाग झालेले नाही.

वगळली जाणारी मुले

जिल्ह्याच्या बारा तालुक्यांपैकी गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड हे डोंगराळ, भरपूर पावसाचे भाग आहेत. तेथील वाड्या-वस्त्यांवरून चालू न शकणाऱ्या मुलाला पावसाळ्यात अंगणवाडीपर्यंत कडेवर आणावे लागते. दुसरा गट ऊसतोड कामगारांच्या मुलांचा आहे. बीड व इतर जिल्ह्यांतून ही कुटुंबे गळीत हंगामात साधारण ऑक्टोबरअखेर येतात आणि मार्चच्या सुमारास परततात. तपासणी पथक मूळ गावी येते तेव्हा मूल फडावर असते, आणि इथल्या अंगणवाडीच्या यादीत त्याचे नाव नसते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यांजवळ भरणाऱ्या साखरशाळा मोठ्या मुलांसाठी होत्या, त्यात पाच वर्षांखालील दिव्यांग मुलाचा विचार फारसा झाला नाही. वैश्विक दिव्यांग ओळखपत्र देशभर चालते, तरी त्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार व टक्केवारी असते. मुलाला बसायला कसा आधार लागतो, ते काय खाते, कोणत्या खुणेने पाणी मागते, हे सेविकेने एका पानावर लिहून पालकांकडे दिले, तर कारखान्याजवळच्या अंगणवाडीत आणि पुढे पहिलीच्या वर्गातही ते पान मुलाबरोबर जाऊ शकते.