चित्रांची साठवण : डेटाबेसमध्ये की स्वतंत्र फाइल म्हणून

छायाचित्रे, स्कॅन अशा प्रतिमा संगणकावर ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत चित्राचे सगळे बाइट डेटाबेसच्या तक्त्यातच, ‘ब्लॉब’ प्रकारच्या रकान्यात जातात. दुसरीत चित्र डिस्कवर वेगळी फाइल म्हणून राहते आणि तक्त्यात तिचा फक्त पत्ता असतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीला कास्टिंगच्या तपासणीचे फोटो ठेवायचे असोत, की खानापूर-निपाणीकडच्या घरांतले मोडी कागद स्कॅन करून जपायचे असोत, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे आधीच ठरवावे लागते.

डेटाबेसची बाजू भक्कम आहे ती एकजुटीमुळे. नोंद आणि चित्र एकाच व्यवहारात, म्हणजे दोन्ही एकदम नाहीतर काहीच नाही असे, लिहिले किंवा पुसले जाते, बॅकअपही एकच. फाइली वेगळ्या असल्या की ताटातूट ठरलेलीच: नोंद पुसली तरी फाइल बेवारस पडून राहते, किंवा कोणी फोल्डर हलवले की पत्ता असतो आणि घर नसते. उलट चित्रे आत कोंबली की डेटाबेस फुगतो, बॅकअप रेंगाळतो आणि वेबसर्व्हरला थेट पाठवता आले असते ते चित्रही डेटाबेसच्या हातून जाते.

आकाराचा हिशेब रसेल सिअर्स, कॅथरिन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अहवालात मांडला. मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर आणि विंडोजची फाइलव्यवस्था एनटीएफएस यांची तुलना करता २५६ किलोबाइटपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये, १ मेगाबाइटपेक्षा मोठ्या फाइलव्यवस्थेत बऱ्या, असा तो निष्कर्ष. यंत्रे तेव्हाची असली तरी दिशा आजही पटते. एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसच्या मोजणीत तर सुमारे १० किलोबाइटच्या लघुप्रतिमा वेगळ्या फाइलींपेक्षा ३५ टक्के अधिक वेगाने वाचल्या गेल्या, कारण प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्याचा खर्च वाचतो. मोडी कागदाचे चांगले स्कॅन मात्र कित्येक मेगाबाइटचे असते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या साध्या ब्लॉबमध्ये ६५,५३५ बाइटच मावतात. नियम सैल ठेवणाऱ्या जुन्या मांडणीत त्यापुढचा भाग मुकाट्याने कापला जाई आणि चित्र अर्धेच उघडे.

सीमाभागात खरी डोकेदुखी आकाराची नसून नावांची आहे. एकाच गावाचे नाव मराठी कागदात एक, कन्नड दाखल्यात दुसरे. आणि हौसेने फाइलीलाच तसे नाव दिले जाते. लिनक्सच्या एक्स्ट४ व्यवस्थेत फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या धरून ८५ चिन्हांत नाव संपवावे लागते. शिवाय ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि नुक्ता (खालचा टिंब) जोडून. कन्नड लिपीत ‘चिक्कोडी’ लिहिताना ‘को’च्या ओकाराचेही तसेच. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइलव्यवस्थेत अशी नावे फोडून, जोडचिन्हे सुटी करून ठेवली जात. एक्स्ट४ एरवी फक्त बाइट जुळवते. परिणामी डोळ्यांना तेच दिसणारे नाव सर्व्हरवर सापडत नाही.

म्हणून इथे तरी मोठी चित्रे फाइलींतच ठेवावीत, पण फाइलीला माणसाने नाव देऊ नये. चित्राच्या बाइटांवरून काढलेला एसएचए-२५६ हा ६४ अंकाक्षरी ठसा हेच नाव आणि त्याच्या पहिल्या दोन-चार अक्षरांवरून उपफोल्डर पाडावेत, म्हणजे एका फोल्डरात लाखभर फाइली साचत नाहीत. तीच फाइल दोनदा चढवली तर ठसा तोच येतो. कागद पुन्हा स्कॅन केला तर मात्र नवा. गावाचे मराठी नाव, कन्नड नाव, तारीख हे सगळे तक्त्याच्या रकान्यांत. लघुप्रतिमा डेटाबेसमध्ये राहिल्या तरी बिघडत नाही. एसक्यूएल सर्व्हरने २००८ च्या आवृत्तीत ‘फाइलस्ट्रीम’ नावाने मधला मार्ग दिला, त्यात बाइट डिस्कवर आणि ताबा डेटाबेसकडे असतो. पण तो त्या एका उत्पादनाशी बांधलेला आहे.

बॅकअप घेताना आधी डेटाबेस, मग फाइली. या क्रमात मधल्या वेळेत आलेली चित्रे फार तर नोंदीविना जास्तीची ठरतात. उलट क्रमात नोंद मिळते, चित्र नाही. फाइल पुसायची झाली तर ते काम त्या रात्रीचा बॅकअप पुरा होईपर्यंत थांबवावे.