गुडघ्याचा अस्थिबंध भरून येताना ताण का लागतो

गुडघा मुरगळला की सूज पूर्ण उतरेपर्यंत पाय हलवायचाच नाही, आणि दुखणे थांबले की अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, बरा झाला, असे दोन समज सर्रास आढळतात. दोन्ही चुकीचे आहेत. त्यांतला दुसरा अधिक घातक आहे, कारण वेदना थांबते तेव्हा दुरुस्तीचे बरेचसे काम बाकीच असते.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना चार प्रमुख अस्थिबंध जखडून ठेवतात: दोन्ही बाजूंना एकेक आणि सांध्याच्या आत एकमेकांना छेदून जाणारे दोन. पाय जमिनीवर रोवलेला असताना गुडघ्यावर बाहेरून धक्का बसला की आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो. पहिल्या श्रेणीच्या दुखापतीत मोजके तंतू तुटतात, दुसरीत अस्थिबंध अंशतः फाटतो आणि तिसरीत पूर्ण तुटतो.

निरोगी अस्थिबंधात पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचे, म्हणजे एका चिवट प्रथिनाचे, तंतू दोरखंडाच्या पदरांसारखे ताणाच्या दिशेने शेजारी शेजारी रचलेले असतात. दुखापतीनंतर तेथे आधी रक्ताची गुठळी होते, आणि काही दिवसांत फायब्रोब्लास्ट या पेशी तिसऱ्या प्रकारचे बारीक कोलॅजेन घाईने विणू लागतात. हे विणकाम अस्ताव्यस्त असते. त्याची जागा पहिल्या प्रकारचे कोलॅजेन हळूहळू घेते आणि ते योग्य दिशेने लागते, पण या फेररचनेला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

योग्य दिशा पेशीला कळते कशी, हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. फायब्रोब्लास्टच्या आवरणात इंटेग्रिन नावाची प्रथिने असतात. त्यांचे एक टोक बाहेरच्या तंतूंना धरून असते, तर दुसरे पेशीच्या आतील अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या सांगाड्याला जोडलेले असते. गुडघा वाकला की तंतू खेचले जातात, ती ओढ इंटेग्रिनमार्फत आत पोहोचते, त्यातून रासायनिक संदेशांची साखळी सुरू होते आणि केंद्रकातील कोलॅजेनच्या जनुकांचे काम बदलते. शिवाय ताणाखाली असलेले तंतू कोलॅजेन तोडणाऱ्या विकरांना तुलनेने कमी बळी पडतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे उपयोगी तंतू टिकतात आणि सैल, आडवेतिडवे तंतू आधी काढले जातात. 1980च्या दशकात सशांचे गुडघे 9 आठवडे अचल ठेवले, तेव्हा मुळात निरोगी असलेल्या अस्थिबंधांचीही भार पेलण्याची क्षमता सुमारे एक तृतीयांशावर आली. हालचाल पुन्हा सुरू झाल्यावर अस्थिबंधाचा गाभा लवकर सावरला, मात्र हाडाशी जोडलेली टोके बराच काळ दुबळी राहिली.

विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री 1978 मध्ये मांडणारे डॉ. गेब मर्किन यांनीही पुढे, बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणे लांबू शकते, असे स्वतःच लिहिले. वेदना कमी करण्यापुरता थोडा वेळ बर्फ लावायला हरकत नाही. गुडघ्याला बांधायचे चुंबकीय पट्टे मात्र अस्थिबंध भरून यायला काहीच मदत करत नाहीत, आणि कोलॅजेनची पावडर पोटात पचून तिचे अमिनो आम्लांत व लहान तुकड्यांत रूपांतर होते. ती अखंड कोलॅजेन म्हणून गुडघ्यात जाऊन बसत नाही.

अर्थात ताण बेताचाच हवा. सुरुवातीला वेदनेच्या मर्यादेत गुडघा वाकवणे व सरळ करणे, मांडीचे स्नायू आवळणे, आणि मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू भार वाढवणे, असा क्रम असतो. सांध्याच्या आतील पुढच्या अस्थिबंधाला मात्र हे सगळे तसेच लागू होत नाही, कारण त्याच्या भोवती सांध्यातील द्रव असतो, गुठळी तेथे टिकत नाही आणि पेशींना विणायला आधारच मिळत नाही. म्हणून गुडघा अचानक दगा देत असेल, अडकत असेल किंवा पायावर उभेच राहता येत नसेल, तर व्यायामाआधी अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली पाहिजे.

अस्थिबंधात चेताग्रेही, म्हणजे मज्जातंतूंची टोकेही, असतात. सांधा कोणत्या स्थितीत आहे हे ती मेंदूला कळवत असतात आणि दुखापतीने ही जाणीव मंदावते. त्यामुळे ताकद परत आल्यावरही एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव, आधी डोळे उघडे ठेवून आणि नंतर आधाराजवळ उभे राहून डोळे मिटून, बरेच आठवडे चालू ठेवावा लागतो.