कोल्हापुरात घरकुलाचा अर्ज भरताय? आधी प्रॉपर्टी कार्ड काढा

घरकुलाचा अर्ज भरायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत आधार, पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला असतोच. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा जागेच्या कागदावर. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 ही 1 सप्टेंबर 2024 पासून पाच वर्षांसाठी आहे. नुसती घरं बांधून वाटायची म्हटलं तर मागणी पुरी होत नाही, हे सरकारलाही कळलंय. त्यामुळे योजनेत चार वाटा ठेवल्यात: स्वतःच्या जागेवर बांधा, प्रकल्पातला फ्लॅट घ्या, भाड्यानं राहा किंवा गृहकर्जावर व्याज अनुदान घ्या. अर्ज करताना यातली एकच वाट निवडायची असते.

पात्रतेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको आणि गेल्या 20 वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल गट, 6 लाखांपर्यंत अल्प आणि 9 लाखांपर्यंत मध्यम. व्याज अनुदान तिन्ही गटांना मिळतं. स्वतःच्या जागेवरचं बांधकाम आणि प्रकल्पातला फ्लॅट मात्र फक्त पहिल्या गटासाठी.

आता जागेचं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या भागात मातीच्या भिंतींचं कौलारू घर असतं, पण प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे शहरातल्या जागेच्या मालकीच्या उताऱ्यावर, नाव अजून आजोबांचं. किंवा वारस नोंद झालेली असते आणि मग दोन चुलते, एक आत्या, पुण्यातला चुलतभाऊ अशी रांग लागते. राहणारा एकटा, नावं सात. अशा कार्डावर बांधकाम परवानगी निघणं अवघड. आधी नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करा, मग नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र. पुण्याच्या भावाची सही दिवाळीला तो आला की घेऊन टाका. थट्टा नाही, यातच वर्ष जातं.

दुसरा वांदा पंचगंगेचा. जागा निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या रेषेच्या, आत असेल तर नवीन बांधकामाला परवानगी नाही आणि जुनं अधिकृत घर पाडून बांधायचं तरी अटी आहेत. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्याला कारण सांगायला नको. कागदांवर खर्च करण्याआधी नगररचना विभागात रेषा बघून या. सरकारी जागेवरच्या झोपडीला 1 जानेवारी 2011 पूर्वीचं वास्तव्य दाखवता आलं, तर अतिक्रमण नियमित करून घेण्याची वाट आहे. त्यासाठी जुनं लाइट बिल, घरफाळ्याची पावती फेकू नका.

स्वतःच्या जागेवरच्या बांधकामाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. घर 30 ते 45 चौरस मीटरचं हवं. पैसे एकरकमी येत नाहीत. बांधकामाच्या टप्प्याचे जिओ-टॅग (ठिकाण नोंदलेले) फोटो गेले की हप्ता पडतो, तेही आधार जोडलेल्या खात्यात. घर घरातल्या बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे लागतं, हे आधीच ठरवून घ्या.

व्याज अनुदानात घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत हवं. अनुदान पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के, एकूण जास्तीत जास्त 1.80 लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. पण निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असेल तरच पुढचा हप्ता येतो, त्यामुळे कर्ज घाईनं फेडू नका. कर्ज देणारी संस्था योजनेत नोंदलेली असावी लागते. आपल्याकडे पतसंस्थेतून कर्ज घ्यायची सवय आहे. ते इथे चालेलच असं धरून चालू नका.

भाड्याच्या घरांची वाट शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांच्या सोयीची, पण त्यासाठी आधी प्रकल्प उभा राहायला हवा.

म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण संस्थेची, घरांची सोडत वेगळी. कोल्हापूर म्हाडाच्या पुणे मंडळात येतं. नोंदणी ऑनलाइन असते आणि ती जाहिरात येण्याआधीही करून ठेवता येते. आधार, पॅन, गेल्या पाच वर्षांतला अधिवास दाखला, आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. उत्पन्न नवरा-बायकोचं मिळून मोजतात. सोडतीत नंबर लागला नाही तर अनामत परत येते. ‘साहेबांशी ओळख आहे’ म्हणणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

आवास योजनेचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर स्वतः भरता येतो. नाहीतर महापालिकेत जा. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येतो, तेव्हा जुनं सिम बंद झालं असेल तर पहिलं काम ते. कुटुंबातल्या सगळ्यांचे आधार आणि लागू असेल तर जातीचा दाखला जवळ ठेवा. आधारवर ‘सुरेखा’ आणि पासबुकात ‘सुलेखा’ असला फरक अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या.

उचगाव, पाचगावसारख्या लगतच्या गावांत राहत असाल तर महापालिकेच्या रांगेत उभं राहण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. ग्रामीण योजना वेगळी आहे, तिची मूळ रक्कम 1.20 लाख आहे आणि यादीही गावातच लागते.