पोलादाशी पैज लावणारं लाकूड

‘बंदुकीची गोळी अडवणारं लाकूड’ ही पोस्ट घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आली, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकावं. गोळीचं नंतर बघू. लाकडाची गोष्ट मात्र खरी आहे.

२०१८ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या लिआंगबिंग हू आणि टेंग ली यांच्या गटाने ती ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडली. फळी कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइटच्या पाण्यात सात तास उकळायची, धुवायची आणि १०० अंशांच्या गरम प्रेसमध्ये दिवसभर दाबून ठेवायची. जाडी पाचव्या हिश्श्यावर येते.

लाकूड म्हणजे पोकळ नळ्यांची जुडी. नळ्यांच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात आणि ते लिग्निन नावाच्या कडक, डिंकासारख्या पदार्थाने जखडलेले असतात. उकळल्यावर निम्म्याच्या आसपास लिग्निन निघून जातं, भिंती मऊ पडतात आणि दाबल्यावर नळ्या चपट्या होतात. सगळंच लिग्निन काढलं तर मात्र ताकद उलट घटते.

आता खरी मजा. पावसात भिजलेली वही वाळली की पानं एकमेकांना चिकटतात. डिंक कुणी लावला? कागदही सेल्युलोजचाच, आणि सेल्युलोजच्या अंगभर ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. दोन धागे पुरेसे जवळ आले की एकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध. एकटा अगदी लेचापेचा, पण इथे त्यांची गणतीच नाही. फळी ओढली की धागे सरकतात, बंध तुटतात, पुढच्या जागी नवे जुळतात आणि दरवेळी ऊर्जा खर्ची पडते. एरवी मजबुती वाढली की ठिसूळपणा येतो. इथे चिवटपणाही वाढतो.

या फळीची ताण सोसायची क्षमता ५८७ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक), मूळ लाकडाच्या अकरा पटींहून जास्त. आपल्या स्लॅबमधली ‘एफई ५००’ सळई ५०० मेगापास्कलनंतर कायमची ताणली जाऊ लागते, आणि तेवढ्याच आकारात ती या लाकडाच्या सहापट जड. पण ५८७ हा आकडा लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढल्यावरचा आहे. शिवाय ताठपणात पोलाद अजून चौपट पुढे आहे. दमट हवेत फळी थोडी फुगतेही, म्हणून रंगाचा हात हवाच.

राहिली गोळी. प्रयोगात एअरगनने पोलादी तुकडा मारला होता, सेकंदाला साधारण ३० मीटर वेगाने. म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. आपल्या मध्यमगती गोलंदाजाचा चेंडूही यापेक्षा जोरात येतो.