विमानाची इंधनटाकी तुंबणे

लहान विमानाच्या टाकीतून इंजिनाला पुरेसे इंधन न मिळण्याचे एक कारण. अडथळा बहुधा तीन जागी येतो: हवा आत घेणाऱ्या व्हेंट नळीत, टाकीच्या तोटीवरच्या जाळीत आणि इंजिनाजवळच्या गाळणीत.

यांत सर्वांत फसवा अडथळा व्हेंटचा. इंधन उपसले जाते तशी हवा आत यावी लागते. ती न आल्यास टाकीत ओढ निर्माण होऊन प्रवाह मंदावतो आणि टाकी रबरी असल्यास आत चेपते. अशा वेळी इंधनमापकाचा काटा टाकी भरलेली असल्याचेही दाखवू शकतो. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाजासह हवा आत खेचली गेली, किंवा दोन्ही टाक्या चालू असताना एकीचीच पातळी उतरली, तर आधी व्हेंट पाहावे. कुंभारमाशीचे मातीचे घरटे हे नेहमीचे कारण; धुताना लावलेली आणि काढायची राहिलेली चिकटपट्टी हे दुसरे. नळीत दाबाची हवा मारू नये, रबरी टाकी फाटू शकते.

जाळीत अडकतो तो सुटलेल्या सीलंटचा (सांधे बंद करणाऱ्या लेपाचा) चुरा, गंज, कापडाचे धागे. जेट इंधनाच्या टाकीत पाणी साचले, तर पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर बुरशीचा बुळबुळीत थर धरतो.

नाशिकचे ओझर विमानतळ निफाड तालुक्यात आहे आणि निफाडची थंडी प्रसिद्धच. दिवसा ऊन व पहाटे कडाका असला, की अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवेचे पाणी होते. म्हणून वजनाची अडचण नसेल तर रात्री टाकी भरून ठेवतात.

दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि दर भरणीनंतर प्रत्येक ड्रेनमधून (तळाच्या निचरा-झडपेतून) इंधनाचा नमुना काढतात. सेसना १७२ या लहान विमानाच्या नव्या प्रकारांत असे १३ ड्रेन आहेत. १०० एलएल हे लहान विमानांचे पेट्रोल (ॲव्हगॅस) निळे असते. पाणी तळाशी थेंबासारखे वेगळे दिसते. मात्र नमुना रंगहीन आला तर तो निव्वळ पाण्याचाही असू शकतो, हे घाईत निसटते. भरणीनंतर पाणी खाली बसायला वेळ द्यावा: दर फूट खोलीमागे ॲव्हगॅसला १५ मिनिटे, जेट इंधनाला तासभर.

नमुना स्वच्छ आला म्हणजे व्हेंट मोकळे आहे असे नव्हे. नळी खोलून प्रवाह मोजायचा झाल्यास, गुरुत्वाने चालणाऱ्या यंत्रणेत तो उड्डाणावेळच्या गरजेच्या १५० टक्के, पंपाच्या यंत्रणेत १२५ टक्के भरला पाहिजे. हे काम परवानाधारक अभियंत्याचे.