कुलपांनी पूल पडत नाही, कठडा पडतो

खजरान्याला गणपतीच्या देवळात मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून नवस बोलायचा आणि काम झालं की येऊन सुलटा काढायचा, हे इंदूरात वाढलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्या देशांत हीच हौस कुलपावर निघते. जोडीने पुलावर जायचं, कुलपावर दोघांची नावं लिहायची, कठड्याच्या जाळीत अडकवून खटकन बंद करायचं नि किल्ली नदीत फेकायची, झालं प्रेम पक्कं! सर्बियातल्या व्रन्याच्का बान्या गावात याची पहिल्या महायुद्धाच्या काळातली गोष्ट सांगतात, नादा नावाची शिक्षिका, रेल्या नावाचा सैनिक, तो लढायला ग्रीसला गेला आणि तिथलीच एक आवडली म्हणून परत आलाच नाही, ही झुरून गेली, मग गावातल्या बाकीच्या मुलींनी आपलं तरी टिकावं म्हणून कुलपं लावायला सुरुवात केली. जगभर मात्र ही लाट 2000 नंतरच पसरली, रोम, पॅरिस, कोलोन, सोल, सगळीकडे.

पॅरिसमध्ये पाँ देझार नावाचा पायी चालायचा पूल आहे, सीन नदीवर. 2014 च्या जूनमध्ये कुलपांच्या वजनाने त्याच्या कठड्याचा एक तुकडा कोसळला आणि पुढच्या वर्षी 1 जूनपासून सगळी कुलपं काढायला घेतली, साधारण 45 टन भरली. कुलपांचा आकडा 7 लाखांपासून 10 लाखांपर्यंत सांगतात, 7 धरले तरी एकाचं वजन येतं 64 ग्रॅम, म्हणजे पेटीला लावतो ना तसलं छोटं कुलूप.

तेव्हा सगळीकडे 'प्रेमाच्या ओझ्याने पूल धोक्यात' छाप मथळे आले, पण जरा हिशोब करून बघा. पूल 155 मीटर लांब, रुंदी 10-11 मीटर. आपल्याकडच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत पुलावरच्या फूटपाथला दर चौरस मीटरला 400 किलो आणि गर्दीच्या जागी 500 किलो भार धरतात. तसलंच माप इथे लावलं तर नुसत्या माणसांचे सहाशे टन निघतात, त्यापुढे 45 टन म्हणजे काहीच नाही! पुलाच्या कमानींना पत्ताही लागला नसता.

गोम आहे कठड्यात. कठडा बनवतात तो कुणी टेकलं, गर्दीने रेटलं तर माणूस खाली जाऊ नये एवढ्यासाठी, त्याने कायमचं सामान लटकवून धरावं अशी अपेक्षाच नसते. पॅरिसला जाळीच्या एकेका पॅनेलवर 500 किलोच्या आसपास कुलपं झाली होती. माणसं रेटतात आणि निघून जातात, कुलूप रात्रंदिवस, पावसापाण्यात तिथंच, आणि आधीच्यांची बघून नवीन लोक त्याच ठिकाणी लावतात म्हणून भार सगळीकडे सारखा पण पडत नाही. त्यात वारा आहे. रिकाम्या जाळीतून वारा आरपार जातो, कुलपांनी गच्च भरलेली जाळी म्हणजे भिंतच, तिला वारा ढकलतो आणि तो सगळा जोर शेवटी खालच्या बोल्टांवर येतो.

त्याहून बेमालूम काम गंज करतो. कुलूप बहुतेक पितळेचं, कठडा लोखंडाचा. वाऱ्याने कुलूप हलतं, कडी घासते, रंग खरवडला जातो आणि आतलं लोखंड उघडं पडतं. वर पाऊस पडला की पाण्याचा पातळ थर बसतो आणि दोन वेगळे धातू अधिक पाणी म्हणजे छोटासा सेलच तयार झाला की! यात ज्या धातूचे इलेक्ट्रॉन सहज सुटतात तो झिजतो, पितळ आणि लोखंडात तो मान लोखंडाचा. पितळेचा पृष्ठभाग मोठा आणि उघडं लोखंड टिचभर असेल तर सगळा मारा त्या टिचभर जागेवर होतो आणि तिथं खड्डा पडत जातो, बाहेरून सगळं चकाचक दिसत असताना. राजवाड्याजवळ कृष्णपुऱ्याच्या पुलावर नाहीतर पिपल्यापाल्याच्या तलावाकाठी कुणाला ही हौस सुचली तर आपले पावसाळ्याचे चार महिने या कामाला एकदम फिट आहेत.

आता 'आपलं कुलूप फक्त आपलंच' या समजुतीबद्दल, कारण इथे गणित फारच निर्दय आहे. आत छोट्या पिनांची रांग असते, प्रत्येक पिन बरोबर उंचीला उचलली गेली तरच कुलूप फिरतं. स्वस्तातल्या कुलपात समजा 4 पिना आणि प्रत्येकीच्या 5 उंच्या धरल्या तर एकूण वेगळ्या किल्ल्या होतात 5 गुणिले 5 गुणिले 5 गुणिले 5, म्हणजे 625. अशी एकसारखी 7 लाख कुलपं एका पुलावर असतील तर तुमच्या किल्लीने हजाराच्या वर लोकांची कुलपं उघडतील आणि त्यांच्या किल्ल्यांनी तुमचं! नदीत फेकून काय उपयोग.

बरं, फेकलेल्या किल्लीचं काय होतं? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, पाण्यात जस्त हळूहळू निघून जातं, तांबंही थोडं सुटतं. मासे आणि शेवाळ तांब्याला फार नाजूक, पण वाहत्या मोठ्या नदीत ते पातळ होतं आणि तळाच्या बिनऑक्सिजनच्या चिखलात सल्फाइडशी जोडी जमवून बरंचसं अडकून बसतं, त्यामुळे सीनपेक्षा मला छोट्या बंद तलावांची जास्त काळजी वाटते. जमिनीवर पडलेली किल्ली तर आणखी वाईट. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या कुंपणांना लोक अशी कुलपं लावून किल्ल्या दरीत फेकतात, तिथे कॅलिफोर्निया काँडर नावाचं अतिशय दुर्मिळ गिधाड आहे, त्याला चकाकणारं काही दिसलं की ते गिळतं आणि धातू पोटात पचत नाही. पार्कवाले कुलपं कटरने कापून टाकतात.

मॉस्कोच्या लुझकोव पुलावर लोखंडी झाडंच उभी केलीत, कुलपं त्यांना लावा म्हणून. झाड भरलं तरी कठड्याला काही होत नाही आणि गंज लागलाच तर झाडाला लागतो, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पॅरिसने कठड्याची जाळी काढून सरळ पारदर्शक पॅनेल बसवले, कडी अडकवायला भोकच नाही, आणि काढलेल्या कुलपांतली काही 2017 मध्ये लिलावात विकली, पैसे गेले निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांना.