एंडोमेट्रिओसिसमधला थकवा नोंदीत यायला इतका उशीर का झाला?

एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, म्हटलं की दोन गोष्टी लगेच बोलल्या जातात: पाळीतलं दुखणं आणि मूल होण्यातल्या अडचणी. हा आजार अंगावर काढणाऱ्या बाईला विचारा, ती तिसरी गोष्ट आपणहून सांगेल. अंगात त्राणच राहत नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंग शिशासारखं जड, आणि केस धुवायचे म्हटलं तरी मध्ये बसून घ्यावं लागतं. त्यात चिडचिड, कारण नसताना येणारं रडू, आणि 'आपणच बाऊ करतोय की काय' ही आतून पोखरणारी शंका. तक्रार जुनीच आहे. वैद्यकाने ती कागदावर घेतली मात्र अगदी अलीकडे.

सुरुवात चुकीच्या जागी बोट ठेवण्यापासून झाली. प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांमध्ये श्वास कोंडणं, मूर्च्छा, ओटीपोटातल्या कळा यांचं खापर जागा सोडून भटकणाऱ्या गर्भाशयावर फुटायचं. उपाय म्हणून लग्न आणि गरोदरपण सुचवलं जाई. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को हे नामांकित डॉक्टर स्त्री रुग्णांच्या ओटीपोटात बीजकोशाच्या जागी दाबून पाहत. तिथे दुखलं, तर ते हिस्टेरियाचं, म्हणजे झटके आणि मूर्च्छा येणाऱ्या, पुढे मनोविकार मानल्या गेलेल्या आजाराचं लक्षण समजलं जाई. झटके थांबवण्यासाठी त्याच जागी दाब देणारा पट्टाही तिथे वापरात होता. यातल्या काही बायकांना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस असावा, असं नेझत बंधू या शल्यचिकित्सकांनी 2012 मध्ये मांडलं. ते आता सिद्ध करता येणार नाही, आणि माझ्या मते तसा हट्टही धरू नये. पण पोट दुखतंय म्हणजे मन बिघडलंय, ही सवय तेव्हाच पक्की झाली, एवढं नक्की. अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीतून हिस्टेरिया हे निदान गेलं ते थेट 1980 मध्ये.

दरम्यान आजार डोळ्यांना दिसू लागला होता. व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी 1860 मध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती भलत्या ठिकाणी सापडल्याचं लिहिलं. अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसन यांनी 1921 मध्ये बीजकोशातल्या चॉकलेट सिस्टचं, म्हणजे जुन्या काळपट रक्ताने भरलेल्या गाठीचं सविस्तर वर्णन केलं, आणि पाळीचं रक्त उलट्या वाटेने पोटात उतरून हा आजार होतो, असा सिद्धांत 1927 मध्ये मांडला. आता तरी बायकांचं ऐकलं जाईल असं वाटावं, तर बोस्टनचे जो मेग्ज यांनी 1940 च्या दशकात लांबणीवर पडलेल्या लग्नाकडे आणि बाळंतपणाकडे बोट दाखवलं. लवकर लग्न करा, लवकर मुलं होऊ द्या. पुढे हा 'नोकरी करणाऱ्या बायकांचा आजार' असाही शिक्का बसला. 'मूल झालं की बरं होईल' हे वाक्य आजही बायकांना ऐकावं लागतं, त्याच्या मागे हा सगळा इतिहास आहे. ज्या बाईला मूल होत नाहीये, तिला हे ऐकताना काय होत असेल?

मग दुर्बिणीतून तपासणी आली. 1960-70 च्या दशकांत पोट न फाडता आत पाहता येऊ लागलं आणि निदान सुधारलं, यात वाद नाही. पण त्यासोबत मोजमाप आलं आणि तिथेच थकवा हरवला. अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीची 1985 ची गुणपद्धत बघा. भलत्या जागी वाढलेल्या ऊतीचे डाग किती मोठे, किती खोल, अवयव एकमेकांना किती चिकटलेत, याचे गुण मांडायचे. 5 पर्यंत पहिला टप्पा, 15 पर्यंत दुसरा, 40 पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. वेदनेला गुण नाहीत, थकव्याला नाहीत. 4 गुणांची बाई अंथरुणाला खिळलेली असू शकते आणि 50 गुणांच्या बाईला काहीच त्रास नसू शकतो. तरीही अहवालावर 'सौम्य' छापून येतं आणि घरचे, कामावरचे तेवढंच वाचतात.

उपचारांनीही भर घातली. 1976 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॅनाझॉलने दुखणं कमी व्हायचं, पण वजन वाढायचं, चेहऱ्यावर लव यायची, काहींचा आवाजही घोगरा व्हायचा. पुढची इंजेक्शनं रजोनिवृत्तीसारखी अवस्था आणायची: अंगातून वाफा, उडालेली झोप, उदासी. आजाराचा थकवा कुठला आणि औषधाचा कुठला, हे वेगळं करणं अवघड होऊन बसलं.

वारं फिरलं ते बायकांमुळे. 1980 मध्ये मिलवॉकीत मेरी लू बॅलवेग आणि कॅरोलिन कीथ यांनी एंडोमेट्रिओसिस असोसिएशन सुरू केली आणि रुग्णांचे अनुभव पद्धतशीर गोळा होऊ लागले. 2001 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी रुग्णांच्या मुलाखतींतून 30 प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. इतरांना आपलं दुखणं कळत नाही असं वाटतं का, आपण कुरकुर करतो असं लोक समजतात का, आजारच आयुष्य चालवतोय असं वाटतं का, हे त्यात विचारलं जातं. भावनिक ताण आकड्यात आला. थकव्याला मात्र त्यातही स्वतंत्र विभाग मिळाला नाही.

2011 मध्ये 10 देशांतल्या 1,418 स्त्रियांचा अभ्यास आला. निदानाला सरासरी 6.7 वर्षं लागत होती. इतकी वर्षं 'सगळ्यांनाच होतं, सहन कर' ऐकल्यावर निदान हाती पडतं, तेव्हा अनेकींना आधी सुटल्यासारखं वाटतं आणि मग प्रचंड राग येतो. 2018 मध्ये स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या 1,120 स्त्रियांच्या अभ्यासाने थकवाच केंद्रस्थानी घेतला. वारंवार थकवा येणाऱ्यांचं प्रमाण एंडोमेट्रिओसिस असलेल्यांमध्ये 50.7 टक्के होतं, नसलेल्यांमध्ये 22.4 टक्के. झोप न लागणं, नैराश्य, वेदना आणि कामाचा ताण यांच्याशी या थकव्याचं नातं दिसलं.

शरीरात काय चालतं याचा अंदाजही आता बराच आहे. डागांभोवती सतत दाह चालू असतो. त्यात तयार होणारी रसायनं मेंदूपर्यंत निरोप पोचवतात आणि तापात जशी गळून गेल्याची भावना येते, तशी येते, फक्त ती उतरत नाही. रात्री कळांनी झोप मोडते, आणि रक्तस्राव जास्त असेल तर लोहही कमी होतं. मनाच्या बाबतीत नातं दुतर्फा आहे: स्वीडनमधल्या 2020 च्या देशव्यापी अभ्यासात एंडोमेट्रिओसिसनंतर मनोविकारांचं निदान जास्त दिसलं, आणि आधी मनोविकाराचं निदान झालेल्यांमध्ये पुढे एंडोमेट्रिओसिसही जास्त दिसला. याचा अर्थ पुन्हा 'सगळं मनाचं आहे' असा कुणी काढला, तर तो सरळ चुकीचा आहे.

युरोपातल्या एश्रे या प्रजननविषयक डॉक्टरांच्या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत, कोणत्या तक्रारींवरून या आजाराची शंका घ्यावी, त्या यादीत थकवा नाव घेऊन लिहिला आहे. डॉक्टरांकडे जाताना पाळीच्या तारखांसोबत कुठल्या दिवशी किती गळून गेलात, कुठलं काम अर्ध्यावर सोडलं, झोप किती वेळा मोडली, हेही लिहून न्यावं. विचारलं नाही तरी सांगावं.